पिकअपच्या हौद्यात बिऱ्हाड: आधी काय घ्यायचं, मग काय, आणि काय राहू द्यायचं

बामणोलीला पहाटे साडेपाचला मी दही खात बसलो होतो. दही मस्त गार होतं, कारण बारा व्होल्टचा फ्रिज नुकताच घेतला होता. गाडी मात्र चालू होत नव्हती, कारण त्याच फ्रिजनं रात्रभरात बॅटरी पिऊन टाकली होती. आणि एवढ्या पहाटे मी जागा का, तर हौद्याच्या पत्र्यावर एक सतरंजी टाकून झोपलो होतो आणि कंबर धरली होती. गाडीत माझ्या महिन्याच्या कमाईएवढा फ्रिज, आणि अंगाखाली सतरंजी! शेवटी वासोटा किल्ल्यावर जाणारी पोरं घेऊन आलेल्या एका जीपवाल्यानं जंपर केबल लावून गाडी चालू करून दिली. जाताना म्हणाला, “दही हाय का अजून?”

आमचं आल्याचं, म्हणजे अद्रकाचं, काम आहे. सोमवार ते शुक्रवार गाडीत गोण्या, आणि जमेल त्या शनिवारी मी, बायको आणि मुलगा. गाडी डबल केबिनची बोलेरो कॅम्पर. कंपनीनं नावच कॅम्पर ठेवलंय, त्यामुळे शोरूममधून आणली त्याच दिवशी आपण कॅम्पिंगवाले झालो असा माझा समज झाला होता. नावापलीकडे त्यात कॅम्पिंगचं काही नाही. एक रिकामा हौदा आहे आणि त्याला एक फाळका आहे. बाकी सगळं आपणच जमवायचं.

जमवताना मी क्रम चुकवला. आधी दिसायला भारी वस्तू घेतल्या आणि मग साध्या वस्तूंसाठी पैसे उरले नाहीत. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय. गाडी कुठलीही असो, छोटा हत्ती, पिकअप नाहीतर व्ही-क्रॉस, क्रम साधारण हाच राहतो.

१. पहिली रात्र घरच्या सामानावर काढा

काहीही विकत घ्यायच्या आधी घरातली गादी, घरातला कुकर, घरातली बादली गाडीत टाका आणि एक रात्र बाहेर काढा. लांब जाऊ नका. स्वतःचं रान असेल तर रानात, नसेल तर मामाच्या नाहीतर मित्राच्या मळ्यात. रात्री बारा वाजता कंटाळून घरी येता आलं पाहिजे एवढ्याच अंतरावर.

सोबत एक वही ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तीन गोष्टी लिहा. कशामुळे घरी परत जावंसं वाटलं? कशानं झोपमोड झाली? आणि कशानं नुसती चिडचिड झाली? पैसे याच क्रमानं घालायचे. परत पाठवणारी अडचण पहिली, झोप मोडणारी दुसरी, चिडचिड तिसरी. यात न बसणारी चौथी जात म्हणजे दुसऱ्याच्या गाडीवर बघून हवीशी वाटणारी वस्तू. ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहायची आणि तीन मुक्काम होईपर्यंत ते पान उघडायचं नाही. माझ्या शेवटच्या पानावर अकरा वस्तू होत्या. त्यातल्या नऊ आता आठवतसुद्धा नाहीत.

२. टेप घेऊन हौद्यात उतरा

मोजपट्टी, खडू आणि आरसी घेऊन बसा. हौद्याची लांबी, रुंदी, चाकांवरच्या उंचवट्यांच्या मधली जागा, आणि फाळका खाली पाडल्यावर मिळणारी जास्तीची लांबी, हे सगळं लिहून ठेवा. सिंगल केबिनच्या पिकअपला आठ-नऊ फुटांचा हौदा मिळतो, तिथं दोन माणसं आरामात पसरतात. डबल केबिनला पाच फुटांच्या आतबाहेर. त्यात माझ्यासारख्या पावणेसहा फुटी माणसाला कर्णावर झोपावं लागतं आणि मग बायकोला उरलेला त्रिकोण मिळतो. पहिल्या मुक्कामानंतर त्या त्रिकोणावरून घरात बरंच बोलणं झालं.

आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि मान्य एकूण वजन दिलेलं असतं. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची मर्यादा, त्यात माणसंही आली. पिकअपला टनाच्या आसपास मुभा असल्यामुळे वजनाची भीती फारशी नसते. त्रास उलटाच होतो. या गाड्यांचे मागचे पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, भरलेल्या मालासाठी केलेले असतात. कॅम्पिंगचं सामान शंभर-दीडशे किलो भरतं, म्हणजे गाडीच्या हिशेबानं ती रिकामीच. रिकामी पिकअप खड्ड्यात उडते आणि तिच्याबरोबर पातेलीही उडतात. दरवाज्याजवळच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी लिहिलेली असते, ती बघून मागच्या टायरची हवा ठेवा. निम्मा खडखडाट तिथंच थांबतो.

आणि एक, सामानाच्या यादीत सगळ्यात वर टायर, ब्रेक आणि स्टेपनी. यवतेश्वरचा घाट उतरताना गादी कितीही मऊ असली तरी तिचा उपयोग नाही.

इथला सापळा: हौद्यावर कायमची पत्र्याची केबिन ठोकून घ्यायचा मोह. गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. पिवळ्या पाटीची, म्हणजे धंद्याची, गाडी असेल तर पासिंगच्या वेळी प्रश्न निघणारच, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते. मी एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्या मामांकडे नकाशा घेऊन गेलो होतो. त्यांनी कागद बघितला, गाडी बघितली आणि म्हणाले, “सोमवारी आलं कुठं भरणार?” तेव्हापासून आमचा नियम: नटबोल्ट चालतील, वेल्डिंग नाही. दोघांना उचलून खाली ठेवता येत नाही ते गाडीत चढत नाही.

३. अंगाखालचं आधी, अंगावरचं नंतर

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची बातमी दर वर्षी पेपरात येते. खाली साताऱ्यात एवढं होत नाही, पण कण्हेर, उरमोडी, धोम या धरणांच्या काठावर पहाटे चारला हौद्याचा पत्रा हात लावू देत नाही. नवखा माणूस काय करतो, तर दोन जास्तीच्या रजया घेतो. थंडी वरून येतच नाही, पत्र्यातून येते. अंगाच्या वजनानं रजईतला कापूस दबतो आणि दबलेला कापूस ऊब धरत नाही.

मी आता जे करतो ते असं. खाली दोन लाकडी पट्ट्या, त्यावर १२ मिमी प्लाय. पट्ट्यांमुळे पत्रा आणि प्लाय यांच्यात दोन बोटं हवा राहते. त्यावर चार इंची फोमची गादी. ही बाजारातली तयार घेऊ नका. गादी कारखान्यात माप देऊन तीन तुकड्यांत शिवून घ्या, खालून रेग्झिन आणि वरून सुती कापड. तीन तुकड्यांचा फायदा दिवसा कळतो: दोन तुकडे एकावर एक ठेवले की बसायला कोच. त्यावर घोंगडी. माणदेशातल्या धनगरांची जाड घोंगडी अंगाला टोचते हे खरं, पण दवानं ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही. टोचत असेल तर मधे चादर घाला.

लांबीचा प्रश्न फाळक्यानं सुटतो. फाळका खाली पाडायचा, त्यावर गादीच्या उंचीला येईल अशी फळी टाकायची, पाय तिकडे. पण फाळका दोन साखळ्यांवर लटकतो. माल चढवताना माणूस घटकाभर उभा राहतो ती गोष्ट वेगळी, आणि रात्रभर दोघांचे पाय कूस बदलत राहणार ती वेगळी. फाळक्याखाली दोन्ही कोपऱ्यांना लाकडी टेकू द्या. माझे टेकू जुन्या खाटेचे पाय आहेत. खाली दगड सरकवून उंची कमीजास्त करतो.

वरून ताडपत्री. मालासाठीच्या लोखंडी कमानी असतातच, त्यावर टाका, पण चारी बाजूंनी घट्ट बांधू नका. दोन माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर आत साठते आणि पहाटे ताडपत्रीतून तोंडावर ठिबकते. पुढून-मागून वीतभर मोकळं सोडा आणि तिथं मच्छरदाणीची जाळी लावा. मुलगा मागच्या सीटवर झोपतो, काचा दोन बोटं खाली. थंडी वाजते म्हणून इंजिन चालू ठेवून झोपणं हे कधीही करायचं नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाला कळत नाही आणि झोपेतल्या माणसाला उठू देत नाही.

छतावरचा तंबू घ्यायचा का, हे सगळे विचारतात. वर्षाला दहा-बारापेक्षा कमी रात्री बाहेर काढत असाल तर नको. तो साधारण पन्नास-साठ किलोचा असतो, त्याला वेगळी चौकट लागते, सोमवारी उतरवायला दोन माणसं लागतात, आणि रात्री लघवीला उठलं की शिडी. वाटलंच तर एकदा भाड्यानं घेऊन बघा.

४. पाणी

माणशी दिवसाला पाच लिटर, प्यायला आणि स्वयंपाकाला मिळून. भांडी आणि हातपाय वेगळे. तिघांना एका मुक्कामाला वीस लिटरचे दोन जार पुरतात. एकाला खाली तोटी बसवलेली असावी, कारण जार वाकवून पाणी ओतताना निम्मं पाणी मातीला जातं. जार केबिनच्या भिंतीला टेकून, बांधून. खाद्यतेलाचे किंवा औषधाचे जुने कॅन कितीही धुतले तरी नको. पाण्यावर यापेक्षा जास्त खर्च करण्यासारखं काही नाही. पंप, शॉवर वगैरे शेवटच्या पानावर.

५. चूल: इथं घाई नको

माझ्या मते सगळ्यात जास्त विचार इथं करावा, आणि लोक सगळ्यात कमी इथंच करतात.

आधी गॅस. घरची १४.२ किलोची लाल टाकी गाडीत घालू नका, ती घरगुती वापरासाठीच दिलेली असते. कंपन्यांची ५ किलोची छोटी टाकी ओळखपत्र दाखवून एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर मिळते. टाकीला बसणारा रेग्युलेटर तिथूनच घ्या. एका मोठ्या बर्नरला तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे पाच किलोत तीस तासांची आच. शनिवार-रविवारच्या मुक्कामाला तीन तास धरले तरी दहा मुक्काम निघतात.

टाकी घेताना वरच्या पट्टीवरचं अक्षर बघा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्षाचे आकडे. त्या तारखेला टाकीची तपासणी करायची असते. तारीख उलटलेली टाकी परत द्या. नळी आयएसआय छापाची, आणि पाच वर्षांनी बदलायची. टाकी कायम उभी, पट्ट्यानं बांधलेली, आणि प्रवासात रेग्युलेटर काढून टोपी लावलेली.

इथला सापळा: डोक्यावरच बर्नर असलेल्या बुटक्या टाक्या, ज्या गल्लीतल्या दुकानात मोठ्या टाकीतून नळीनं भरून देतात. असं भरणं बेकायदेशीर आहे. त्या टाकीत किती भरलंय हे भरणाऱ्यालाही माहीत नसतं.

गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, हौद्याच्या तळाशी साठतो, कारण हौदा तिन्ही बाजूंनी बंद असतो. म्हणून शेगडी हौद्यात नको, फाळक्यावर किंवा खाली जमिनीवरच्या टेबलावर. आणि ताडपत्रीच्या आत चहासुद्धा नाही, पाऊस असला तरी. पाऊस असेल तर चिवडा खा.

आता वारा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तिथं आम्ही एकदा दुपारी भाकऱ्या करायला बसलो. बायकोनं पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली, आणि ज्वाला आडवी होऊन तव्याच्या बाहेर जायला लागली. भाकरी एका कडेनं करपली आणि मधे पिठूळ राहिली. तीन भाकऱ्यांना पाऊण तास लागला. वहीत त्या दिवशीच्या पानावर तिच्या अक्षरात एकच ओळ आहे: “पत्रा आणा.”

वेल्डिंगवाल्या मामांनी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे तीन तुकडे बिजागरीनं जोडून दिले. एक फूट उंच, घडी घातली की क्रेटमधे बसतात. शेगडीला तीन बाजूंनी आडोसा. एकच काळजी घ्यायची: टाकी किंवा गॅसचा डबा या आडोशाच्या आत येता कामा नये. ज्या शेगडीच्या पोटातच गॅसचा डबा बसतो तिला चारी बाजूंनी पत्रा लावला, किंवा तिच्यावर काठाबाहेर जाणारा मोठा तवा ठेवला, तर उष्णता डब्याकडे उलटते आणि डबा फुटू शकतो. भाकरीचा तवा मोठाच असतो, म्हणून भाकरी खाणाऱ्या माणसानं टाकी लांब ठेवता येईल अशी नळीवाली शेगडीच घ्यावी. एका बर्नरची, बैठकीला रुंद, जड बुडाची.

भांड्यांचं म्हणाल तर कॅम्पिंगचे अॅल्युमिनियमचे एकात एक बसणारे संच मी घेतले आणि मेहुण्याला देऊन टाकले. पातळ भांड्यात पिठलं लागतं. घरातलं जाड बुडाचं पातेलं, लोखंडी तवा, परात, उलथनं, विळी नको पण सुरी आणि पाट, आणि तीन लिटरचा कुकर. कुकर हवाच. कास, महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कोरेगावचा वाघ्या घेवडा तर कुकरशिवाय नकोच, अर्धकच्चा घेवडा पोट बिघडवतो. आम्ही सकाळीच बरणीत घेवडा भिजत टाकतो. बरणी सीटच्या मधे. दुपारी पोहोचेपर्यंत फुगलेला असतो, रात्री कुकरला लावला की कांदा, खोबरं, कांदालसूण मसाला, काम झालं.

६. सामान लावणं: ड्रॉवर नको, क्रेट घ्या

हौद्यात सरकते लाकडी ड्रॉवर बघितले की जीव जळतो हे मलाही माहीत आहे. १८ मिमी प्लायचा एक आख्खा ताव तीस-पस्तीस किलोचा असतो. ड्रॉवरला दोन ताव लागतात, वर चॅनेल, वर सुताराची मजुरी, आणि ते सगळं सोमवारी उतरवायचं.

त्यापेक्षा टोमॅटोचे नाहीतर द्राक्षांचे प्लास्टिक क्रेट. तासगावकडे द्राक्षांचा हंगाम संपला की जुने क्रेट ढिगानं विकायला निघतात, मंडईतही मिळतात. एकावर एक बसतात, पाण्यानं धुता येतात, आणि जाळी असल्यामुळे आतलं ओलं सुकतं. आमचे चार आहेत: भांडी, शिधा, अंथरूण बांधायचं साहित्य, आणि गाडीचं साहित्य. शिध्याच्या क्रेटला आतून पोतं लावलंय, उंदीर आणि मुंग्या जाळीतून येतात म्हणून. भांड्यांच्या मधे जुनी वर्तमानपत्रं नकोत, ओली होऊन चिकटतात. टॉवेल घाला.

७. उजेड, वीज, आणि मग कुठं फ्रिज

क्रम असा. डोक्याला बांधायची टॉर्च, प्रत्येकाला एक. मग एक पॉवर बँक. मग बारा व्होल्टची एलईडी पट्टी, कमानीला आतून लावलेली. इथपर्यंत आलात की बहुतेकांची गरज भागते.

फ्रिज घ्यायचाच असेल तर आधी हिशेब करा, मी केला नव्हता. चाळीस लिटरचा कंप्रेसर फ्रिज चालू असताना पन्नास वॅट खातो. उन्हाळ्यात तो निम्मा वेळ चालू राहतो. म्हणजे सरासरी पंचवीस वॅट, बारा व्होल्टला तासाला साधारण दोन अँपिअर. दुपारी बाराला गाडी लावली आणि सकाळी सातला किल्ली फिरवली, तर एकोणीस तासांत चाळीस अँपिअर-तास गेले. गाडीची बॅटरी सत्तर-पंचाहत्तरची, तीही तीन वर्षं जुनी, आणि साध्या लेड-अॅसिड बॅटरीतली निम्म्याहून जास्त वीज काढली की ती खराब व्हायला लागते. बामणोलीचं दही हे असं गार झालं होतं.

म्हणून फ्रिजच्या आधी दुसरी बॅटरी, आणि बॅटरीच्या आधी फ्यूज. घरचीच इन्व्हर्टरची बॅटरी चालते का? चालते, पण ती पन्नास किलोची असते आणि आडवी झाली तर आम्ल सांडतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर अँपिअर-तासाची बॅटरी दहा-बारा किलोची असते आणि बरीचशी रिकामी केली तरी चालते, मात्र ती गाडी चालताना भरायला वेगळा डीसी चार्जर लागतो. ऑल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर वीज तयार करणाऱ्या यंत्राला, सरळ तार जोडून मोकळं होणारे वायरमन भेटतील, त्यांना नको म्हणा. बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा, आणि पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथं रबरी बुश. पत्र्याच्या धारेनं तार सोलली की गाडीच पेटते.

एवढं सगळं करायला पैसे लागतात. तोवर चांगल्या झाकणाची जाड भिंतींची बर्फपेटी घ्या. दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या पाणी भरून, वर थोडी जागा सोडून, दोन दिवस आधी घरच्या फ्रीजरमधे ठेवा. सुट्या बर्फासारखं त्यांचं पाणी सामानात पसरत नाही, आणि वितळलं की प्यायला होतं. मटण घरूनच मीठ-हळद-आलं लावून डब्यात, सगळ्यात खाली, आणि पहिल्याच रात्री संपवायचं. पेटी सावलीत, वर ओलं पोतं. शनिवार-रविवारला एवढं पुरतं. फ्रिज मी अजून विकलेला नाही, पण तो आता घरी आहे आणि त्यात बाटल्या गोठतात.

८. अडकल्यावर लागणारं

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटतं आणि मोकळी सपाट जमीन दिसते. वरून भेगाळलेली, टणक. तिथं गाडी घालू नका. गाळपेर, म्हणजे पाणी हटलेल्या गाळात पीक, करणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला विचारा, वीतभर खाली लोणी असतं. ट्रॅक्टर शोधायला जाणं आणि त्याच्याशी भाव करणं यात अर्धा दिवस जातो, हे अनुभवानं सांगतो.

ठेवायचं ते असं:

- खोरं आणि एक जुनं पोतं, चाकाखाली घालायला
- जॅक, आणि जॅकखाली ठेवायला फूटभर प्लायचा तुकडा
- ओढायचा पट्टा. नायलॉनची दोरी तुटून काचेवर येते
- बारा व्होल्टचा हवेचा पंप, पंक्चर किट, हवा मोजायचं मीटर
- जंपर केबल
- चाकाला लावायचे दोन लाकडी गुटके
- लहान अग्निशामक, केबिनमधे, सामानाखाली नाही
- प्रथमोपचाराचा डबा

पावसाळ्यात कोयनेच्या बाजूला जळवांसाठी मीठ. खरं तर पावसाळ्यात जाऊच नका. ओली ताडपत्री, ओली गादी आणि ओला नवरा, तिन्ही एकदम सांभाळता येत नाहीत असं बायकोचं म्हणणं आहे.

९. कागद आणि जागा

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. पिवळी पाटी असेल तर फिटनेस, आणि गाडीला लागत असेल तर परमिटही. गॅस टाकीची पावती. चालत्या गाडीत हौद्यात माणूस बसवायचा नाही, घाटात मुलं कितीही हट्ट करू देत. मालवाहू गाडीच्या हौद्यात प्रवासी नेणं कायद्यात बसत नाही आणि विम्यातही नाही.

कासच्या पठारावर मुक्काम नाही, चूल नाही. पश्चिम घाटाबरोबर त्याला २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आहे, आणि ती फुलं मातीच्या बोटभर थरावर उगवतात. एका टायरची चाकोरी कित्येक वर्षं दिसते. कोयना अभयारण्य आणि चांदोलीचं उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होतो, तिथंही जंगलात परस्पर गाडी लावून राहता येत नाही. वासोट्यालाही रात्री थांबू देत नाहीत. धरणाच्या खालच्या बाजूला नदीच्या पात्रात तंबू नको, पाणी कधी सोडतील ते तुम्हाला कळणार नाही.

उरतं काय? भरपूर उरतं. गावात जा, ज्याचं रान आहे त्याला विचारा. “एक रात्र गाडी लावू का?” असं विचारल्यावर नाही म्हणणारा माणूस मला क्वचितच भेटला. पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवा, म्हणजे रात्री कोणी टॉर्च मारत चौकशीला येत नाही. निघताना आम्ही थोडं आलं देऊन येतो. तुमच्याकडे आलं नसेल तर पेढे न्या.

१०. रविवारी संध्याकाळी

घरी आल्यावर आधी चहा नाही. आधी टाकी उतरवून अंगणात, उघड्यावर. मग जार रिकामे करून उलटे. गादीचे तीन तुकडे गच्चीवर उभे, रेग्झिनची बाजू उन्हाकडे. ओले राहिले तर आठवड्यात बुरशी धरते आणि तो वास जात नाही. ताडपत्री कोरडी होईपर्यंत घडी घालायची नाही. भांड्यांचा क्रेट आख्खाच नळाखाली. मग वही, आठवतंय तोवरच. गेल्या मुक्कामाच्या पानावर परत पाठवणारं काही नाही, झोपमोड करणारं म्हणजे एक घुबड, आणि चिडचिडीच्या खाली “चहाची गाळणी विसरली, पंचानं गाळला” एवढंच आहे.

सगळं उतरवायला पंचवीस मिनिटं लागतात. हौदा झाडून घ्यायचा, टेकू भिंतीला लावायचे, फाळका वर करून कड्या घालायच्या. सकाळी सहाला गोण्या येतात.